उशिरा पिकणारे उमराण : हिरवे तोडाल तर तुरट

संक्रांतीची सुगडे भरून झाली, गावरान बोरांच्या पाट्या बाजारातून कमी होऊ लागल्या, की उमराणचा खरा भर येतो. पण बागवाल्याला तोवर दम निघत नाही. "सगळ्यांची बोरं गेली मार्केटला, आपण किती दिवस थांबायचं?" असे म्हणत हिरवी फळे उतरवली जातात. गिऱ्हाईक एक बोर खाते, तोंड वाकडे करते आणि पुढच्या पाटीकडे जाते.

उमराण मूळचे राजस्थानातल्या अलवर भागातले. तिकडे त्याला काठाही म्हणतात. हरियाणात गोला आधी पिकतो, मग कैथली आणि सगळ्यांच्या मागून, मार्च-एप्रिलमध्ये उमराण. आपल्याकडे छाटणी आणि बहर लवकर, त्यामुळे ते जानेवारी-फेब्रुवारीत हाती येते. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली आणि सोलापूर, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशा कमी पावसाच्या जिल्ह्यांत बोरीच्या बागा वाढल्या. गावठी बोरीचे बी खड्ड्यातच पेरून जागेवर डोळा भरला, तर सोटमूळ शाबूत राहते. मग झाड दुष्काळालाही दाद देत नाही.

फळ लांबट गोल, साल गुळगुळीत, चकचकीत. वजन साधारण ३० ते ६० ग्रॅम. हिरव्याचे सोनेरी पिवळे झाले की तोडायचे. चॉकलेटी रंगावर गेले तर ते जास्त पिकले, लांबच्या बाजाराला धाडू नये. एका झाडावरची फळे एकदम तयार होत नाहीत, चार-पाच तोडे करावे लागतात. काठीने झोडपून एका दिवसात झाड मोकळे करणाऱ्यांना काय सांगावे! गेल्या काही वर्षांत ॲपल बोर आले. आकाराने त्याने सगळ्यांना मागे टाकले. उमराणकडे उरली आहे ती चव, आणि ती सोनेरी रंगाशिवाय येत नाही.

मात्र फळ झाडावर जास्त दिवस राहिले की धोकाही वाढतो. फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते, अळी आत बियाभोवतीचा गर खाते आणि मग जमिनीत जाऊन कोष करते. म्हणून गळलेली, किडकी बोरे रोज वेचून खोल पुरावीत. उन्हाळ्यात झाडाखालची माती हलवावी, म्हणजे कोष उन्हात पडतात. थंडीची चाहूल लागली की भुरीवर नजर ठेवावी. फळे वाटाण्याएवढी असतानाच पाण्यात विरघळणाऱ्या गंधकाबाबत सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारून घ्यावे. हलक्या रानात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एखादे संरक्षक पाणी दिले तर शेवटच्या तोड्याची फळे बारीक राहत नाहीत.

बांधावरच्या रानबोरीकडे कोणी बघत नाही. माशीचे बियाणे तिथेच तयार होते आणि शेजाऱ्याच्या बागेत उतरते. एकट्याने बाग स्वच्छ ठेवून भागत नाही, शिवारातल्या सगळ्यांनी मिळून वेचणी करावी लागते. ग्रामसभेत हा विषय निघाला तर बरे. छाटणी एप्रिलअखेर ते मे, त्याआधीच बोलणे झालेले बरे.