कार्ड पुन्हा गेले : सिन्नरच्या माळावरील टॉवर, वीज आणि जमीन

‘कार्ड गेले’ हे दोन शब्द खेडोपाडी बिनतारी इंटरनेट पुरवणाऱ्या छोट्या व्यावसायिकांच्या तोंडी सतत असतात. हे कार्ड एटीएमचे नव्हे. टॉवरच्या टोकाशी, पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या डबीत बसवलेली तळहाताहून लहान अशी ती एक पट्टी असते. एका टॉवरवरून दुसऱ्याकडे जाणारी माहिती रेडिओलहरींत बदलणे आणि तिकडून आलेल्या लहरी ऐकणे, ही दोन कामे ती करते. केंद्र सरकारने 2005 साली 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा आणि 2018 साली 5 गिगाहर्ट्झचा बराच मोठा भाग परवानामुक्त केला. त्यामुळे तालुक्याच्या गावातला एखादा धडपड्या तरुणही स्वतःचे जाळे उभारू शकला. जाळे उभारण्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. ते टिकत का नाही, यावर मात्र मराठीत फारसे वाचायला मिळत नाही.

मी अभियंता नाही. रेडिओदुरुस्तीपासून सुरुवात केली. पुढचे पुस्तकांतून आणि जळक्या वस्तूंतून शिकलो. सिन्नर परिसरातल्या एका पुरवठादाराने काही वर्षांपूर्वी मला पिशवीभर मेलेली कार्डे आणून दिली. त्यांतली बहुतेक एकाच टॉवरवरची, पूर्वेकडे वावीच्या दिशेला तोंड करून बसवलेली. ‘कंपनीचा मालच खराब’ असा त्याचा निष्कर्ष होता. पण त्याच कंपनीची, त्याच खोक्यातली कार्डे इतर टॉवरवर सुखाने चालत होती. एकाच खुंटीला बांधलेली जनावरे पाठोपाठ दगावली, तर आपण जनावरांच्या बाजाराला दोष देत नाही, खुंटीजवळचा चारा-पाणी पाहतो. इथेही तेच करायला हवे होते.

दर वेळी कार्ड बदलायला कोणीतरी वर चढतो, हे शहरातल्या वाचकाच्या चटकन लक्षात येत नाही. तीस मीटर उंचीच्या लोखंडी सांगाड्यावर, कमरेला पट्टा बांधून, बहुधा विशीतला एखादा मुलगा जातो. आणि कार्डे सर्वांत जास्त जातात ती नेमकी विजांच्या हंगामात, वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत. खाली रेशन दुकानातले अंगठा घेणारे यंत्र थांबलेले असते, सेवा केंद्रात दाखल्यासाठी माणसे बसलेली असतात, फोनवर फोन येत असतात. ‘ढग पांगू दे, मग चढ’ असे म्हणण्याची ताकद त्या घाईत फार थोड्यांना राहते. कार्डाची किंमत मला म्हणूनच दुय्यम वाटते. मोजायच्या त्या चढाया.

मी पुरवठादाराला एक वही घालायला सांगितली : कार्ड गेल्याची तारीख आणि वेळ, वारा होता का, गडगडाट होता का, वीज नुकतीच परत आली होती का, आणि नेमके काय बंद पडले. ‘नेट बंद’ ही नोंद चालणार नाही, असे बजावले. वही भरत गेली तशी एका रोगाची तीन वेगळी रूपे दिसू लागली.

पहिले रूप सर्वांत फसवे. यात कार्ड मरत नाही, बहिरे होते. वावीच्या बाजूला आपला आवाज पूर्वीसारखाच स्पष्ट पोचतो, पण तिकडचा आवाज आपल्याला क्षीण येतो. हवेतली वाट दोन्ही दिशांना सारखीच असते. मध्ये झाड वाढले किंवा डिश वाऱ्याने फिरली, तर दोन्हीकडचे ऐकणे सारखेच घटते. एकाच बाजूचे घटले, तर वाटेला दोष देऊ नये. दोन्ही टोकांची प्रक्षेपणशक्ती सारखी आहे ना, एवढे पाहून कमी ऐकणाऱ्या बाजूचे कार्ड तपासावे. चांगल्या जोडणीत कार्डापर्यंत येणारी शक्ती वॉटच्या अब्जाव्या भागाएवढी असते. इतके बारीक ऐकणारा पहिला ट्रान्झिस्टर अतिशय नाजूक असतो, आणि तोच आधी जातो.

गंमत म्हणजे रशियातल्या पोपोव्ह यांनी 1895 साली दाखवलेला सुरुवातीचा रेडिओग्राहक दूरच्या विजांची चाहूल घेण्यासाठीच वापरला गेला. विजेचा आवाज टिपणे हे या यंत्राच्या पूर्वजाचे कामच होते. आजचा वंशज तोच आवाज जवळून ऐकला की कान गमावतो.

पण वहीत बहिरेपणाच्या बऱ्याच नोंदी कोरड्या, निरभ्र दुपारच्या होत्या. वीज नाही, ढग नाही. उत्तर वर चढणाऱ्या मुलानेच दिले. “काका, दुपारचं वारं सुटलं ना, की डिशच्या झाकणाला हात लावला तरी झटका बसतो.” सिन्नरचा पूर्व भाग पर्जन्यछायेतला, चैत्र-वैशाखात माळावरून धूळ घेऊन वारा येतो. कोरडी धूळ प्लास्टिकच्या झाकणावर घासत राहिली की स्थिर विद्युतभार साचतो. हिवाळ्यात लोकरी स्वेटर काढताना जे तडतडते तेच हे. अँटेनाची आतली तार बाहेरच्या धातूशी कुठेच जोडलेली नसेल, तर त्या भाराला जमिनीत उतरायला कार्डावाचून दुसरी वाट राहत नाही. काही अँटेनांत ही जोडणी मुळातच असते. साध्या मल्टिमीटरने मधली पिन आणि बाहेरची कडी यांत शॉर्ट दिसला, तर अँटेना खराब समजून फेकू नये. स्थिर भारासाठी ती वाट मोकळी असते, 5 गिगाहर्ट्झच्या लहरींना मात्र ती अडथळा करत नाही. बाजारात अँटेना घेताना एवढी एक चाचणी दुकानातच करता येते.

दुसऱ्या रूपात कार्डाबरोबर खालच्या खोलीतला स्विचही जातो. ही वेळ गडगडाटाची. वीज टॉवरवरच पडली पाहिजे असे नाही. शेजारच्या शेतात पडली तरी पुरते. विजेच्या एका मोठ्या लोळात तीस हजार अँपिअरच्या आसपास प्रवाह असू शकतो. अर्थिंगचा रोध दहा ओहम असेल, तर तीस हजार गुणिले दहा, म्हणजे तेवढ्यापुरती ती जागा तीन लाख व्होल्टवर जाते. रोध एक ओहमवर आणला तरी तीस हजार व्होल्ट उरतातच. आमच्याकडचे वायरमन खड्ड्यात कोळसा-मीठ घालून, उन्हाळ्यात बादलीने पाणी ओतून रोध खाली आणायला धडपडतात. ते चुकीचे नाही, पण तेवढ्याने कार्ड वाचत नाही.

नदीला पूर आला तर होडी पाण्याबरोबर वर चढते आणि सुरक्षित राहते. तिचे एक टोक काठावरच्या झाडाला आखडून बांधले असेल, तर ती उलटते. आमच्या टॉवरवर नेमके हेच झाले होते. टॉवरच्या पायाचे अर्थिंग एकीकडे, खोलीतल्या मीटरचे दुसरीकडे, आणि दोन्हींमध्ये माळाची कोरडी जमीन. वीज जवळ पडली की एक बाजू वर चढे, दुसरी जागेवर राही. दोघांना जोडणारी एकच बारीक वाट होती : वरच्या डबीपासून खोलीपर्यंत आलेली नेटवर्क केबल. सारा फरक त्या केबलीतून कार्ड आणि स्विच यांच्यावर कोसळे. ‘कॉम्प्युटरला स्वतंत्र अर्थिंग हवे’ हा समज आपल्याकडे फार घट्ट बसला आहे. तो इथे मुळावर आला होता.

यात जमिनीचाही वाटा आहे. समोरचे टॉवर दिसावेत म्हणून आपण टेकाड निवडतो. सिन्नरचे टेकाड म्हणजे वर वीतभर मुरूम आणि खाली काळा बसाल्ट. ओल नाही, खड्डा खोल जात नाही. लांबचे दिसायला उत्तम असलेली जागा अर्थिंगला बहुधा वाईटच निघते.

तिसऱ्या रूपात वीजपुरवठा परत येताना डबीतला पॉवरचा भागच जळतो. याविषयी तामिळनाडूतल्या थेनीचा अनुभव वाचण्यासारखा आहे. तिथे अरविंद नेत्ररुग्णालयाची गावोगावची केंद्रे लांब पल्ल्याच्या वायफायने डॉक्टरांशी जोडलेली होती. ते जाळे आणि धरमशालेतले एक जाळे चालवणाऱ्या संशोधकांनी 2008 साली आपले अनुभव प्रसिद्ध केले. ग्रामीण भागात विजेचा खरा खर्च युनिटच्या दरात नसून तिच्या वाईट दर्जाशी झुंजण्यात आहे, असे त्यांना आढळले. कारण कोणतेही असो, स्थानिक माणसाला ‘लिंक बंद’ एवढेच दिसते, हेही त्यांनी नोंदवले आहे. ते वाचताना मला आमची वही आठवली.

दुकानदार या सगळ्यावर ‘अरेस्टर लावा’ असे सुचवतात. त्यातली वायूने भरलेली नळी जास्त दाब आला की प्रवाह जमिनीकडे वळवते. पण तिला पेटायला क्षणाचा अंश लागतो, आणि तेवढ्यात पुढे निसटलेला दाब त्या नाजूक ट्रान्झिस्टरला पुरतो. त्याहून मोठी गोष्ट अरेस्टरपासून जमिनीपर्यंतच्या वायरची. एक मीटर सरळ वायरीत एका मायक्रोसेकंदात हजार अँपिअर प्रवाह वाढला, तर तिच्या दोन टोकांत सुमारे हजार व्होल्टचा फरक पडतो. आमच्या टॉवरवर उरलेल्या वायरीचे छान वेटोळे करून ते टायने बांधले होते. दिसायला नीटनेटके, पण प्रवाहाला वेटोळे म्हणजे आणखी अडथळा.

मग काय केले ते थोडक्यात सांगतो. टॉवरचा पाय, मीटरचे अर्थिंग, स्विचचे लोखंडी कपाट आणि अरेस्टर हे सगळे रुंद जीआय पट्टीने, कमीत कमी लांबीत, एकमेकांशी जोडले. पूर्वेकडची अँटेना बदलून आतून जमिनीशी जोडलेली घेतली. खोलीत वरून येणारी केबल आणि बाकीचे जाळे यांच्यामध्ये दोन मीटर ऑप्टिकल फायबर घातले. काचेतून प्रकाश जातो, प्रवाह जात नाही. अॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असलेली स्वस्त केबल काढून टाकली. डबीत शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकते.

त्यानंतरही एक कार्ड गेले. उघडून पाहिले तर जोडणीवर हिरवा कळंक होता. डबीची रबरी चकती उन्हाने तडकून आत पाणी गेले होते. चकती बदलायला मुलगा चढला तो सकाळी, स्वच्छ उन्हात, आदल्या दिवशी ठरवून.

हा अंक हाती येईल तेव्हा परतीचा पाऊस नुकताच संपलेला असेल आणि जमिनीत अजून ओल असेल. आता अर्थिंगचा रोध मोजला, तर आकडा छान खाली दिसेल. तोच खड्डा वैशाखात पुन्हा मोजावा, आणि वहीत दोन्ही आकडे शेजारी लिहावेत. पट्टीचे नटबोल्ट गंजले आहेत का, तेही त्याच फेरीत पाहून घ्यावे.