ऊस पाहून उतारा कळत नाही : मूत्रपिंडांची तपासणी का करावी?



उभा ऊस हिरवागार दिसला म्हणून उतारा चांगलाच पडणार, असे कोणी जाणता शेतकरी सांगत नाही. रस प्रयोगशाळेत गेल्यावरच खरे काय ते कळते. आपल्या मूत्रपिंडांचे, म्हणजे किडन्यांचेही तसेच आहे.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा सतत त्यांच्याकडे येतो. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. पण लघवी होते दीड-दोन लिटरच. बाकीचे पाणी, साखर व गरजेपुरते क्षार शरीर परत घेते, टाकाऊ तेवढे बाहेर जाते. शिवाय रक्तदाब सांभाळणे आणि नवे रक्त तयार करण्याचा निरोप हाडांना देणे, हीही कामे मूत्रपिंडांचीच.

अडचण अशी, की काही गाळण्या बंद पडल्या तरी उरलेल्या जादा काम ओढत राहतात. दुखत नाही, खुपत नाही. पायांवर सूज, धाप, मळमळ दिसू लागते तोवर बरेच नुकसान होऊन गेलेले असते आणि ते सहसा भरून येत नाही. म्हणून 'मला काय धाड भरलीय?' असे म्हणू नये.

मुख्य तपासण्या दोन. पहिली रक्तातील क्रिएटिनीनची. स्नायूंतून निघणारा हा टाकाऊ पदार्थ मूत्रपिंडे बाहेर टाकतात. ती मंदावली की तो रक्तात साचतो. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. १.२ हा आकडा तीस वर्षांच्या पुरुषाचा असेल तर २०२१ च्या सूत्राप्रमाणे गाळण्याचा वेग सुमारे ८३ येतो. सत्तर वर्षांच्या आजीचा असेल तर सुमारे ४९. या वेगाला ईजीएफआर म्हणतात. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, तर मूत्रपिंडांचा जुनाट आजार समजतात. दुसरी तपासणी लघवीतील अल्ब्युमिनची. गाळणी फाटू लागली की हे प्रथिन लघवीत उतरते, कधी कधी ईजीएफआर चांगला असतानाच.

मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी या दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा तरी कराव्यात. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणून रोज वेदनाशामक गोळी घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. त्या गोळ्या मूत्रपिंडांना बाधू शकतात, अंगातले पाणी कमी असताना तर अधिकच.

शेवटी फडातली गोष्ट. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांत कितीतरी ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडे मधुमेह वा रक्तदाब नसतानाही निकामी झाली. एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी २००२ साली याकडे लक्ष वेधले. कडक उन्हातले कष्ट आणि अंगातले पाणी आटणे हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. तिकडे काही मळ्यांत आता पाणी, सावली व विसावा यांची सोय करतात.

आपल्या फडात टोळी उतरेल तेव्हा बांधावर पाण्याचा पिंप भरलेला असावा, सावलीला एखादी ताडपत्री बांधलेली असावी. आणि हंगामाच्या धांदलीत सापडण्याआधी घरातल्या मोठ्या माणसांची तपासणी उरकून घ्यावी.