चुकीच्या जंगलात शोधलेला पिंगळा

वनपिंगळा ११३ वर्षं कुणाला दिसला नाही. तो दुर्मीळ आहेच. पण त्याच्या गायब होण्यामागे एक लबाडीही होती. ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली या घुबडाची पहिली शास्त्रीय नोंद केली. पुढे खानदेशात नोकरीला असलेले ब्रिटिश अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी त्याचे काही नमुने जमवले. शेवटचा खरा नमुना १८८४ चा. मग रिचर्ड माइनर्ट्झहागन या पक्षीशास्त्रातल्या बड्या प्रस्थाने १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीजवळ तो मिळवल्याचा दावा केला. तो नमुना मुळात डेव्हिडसन यांचाच. संग्रहालयातून लंपास करून, भुसा-कापूस बदलून, नवी चिठ्ठी लावलेला. पॅमेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीशास्त्रज्ञांनी ही चोरी उघड केली. दरम्यान सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारखे दिग्गजही हात हलवत परतले होते. खोटी नोंद जमेस धरून काढलेला माग कुठे नेणार?

रासमुसेन यांनी वेगळा हिशोब मांडला. माइनर्ट्झहागनचा पत्ता खोडायचा आणि उरलेल्या खऱ्या पत्त्यांवर जायचं. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना घेऊन त्या हिवाळ्याच्या तोंडावर आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, शहाद्याजवळच्या डोंगरउतारावर, निष्पर्ण झाडावर पिंगळा बसलेला होता. भर उजेडात. वनपिंगळा दिवसाही वावरतो, हे तेव्हापासून ठळकपणे कळलं. पुढे मेळघाटातून नोंदी आल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये तर तो थेट ठाणे जिल्ह्यात, तानसा अभयारण्यात सापडला. मुंबईला पाणी पाजणाऱ्या जंगलात!

अंबरनाथ पूर्वेला राहणाऱ्या आणि गळ्यात दुर्बीण अडकवणाऱ्या माणसाने ही गोष्ट पाठ करावी, असं मला वाटतं. ‘आपल्याकडे काय असणार, भंगार आणि बिल्डर’ हा इथला लाडका सूर. पण नकाशा उघडून बघा. शिवमंदिराला खेटून वाहणारी वालधुनी काकोळ्याच्या डोंगरातून येते. तिथेच रेल्वेचं जुनं जीआयपी धरण आहे. जवळ चिखलोलीचं धरण, पुढे बदलापूरचं कोंडेश्वर, टाहुलीची रांग, बारवीचं जंगल आणि एका अंगाला मलंगगड. शहरात शिरल्यावर वालधुनीचं जे होतं ते उल्हासनगरकरांना सांगायला नको. पण तिच्या उगमाकडे पाठ करून बसण्याला तेवढं कारण पुरेसं नाही.

जागा झाल्या; आता वेळेकडे, म्हणजे ऑक्टोबरकडे येऊ. मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. त्याच्या आगेमागे काही पक्षी इथे राहायला नाही, नुसते ओलांडून जायला येतात. युरोप आणि मध्य आशियातून आफ्रिकेकडे निघालेले हे वाटसरू एखाद्या तारेवर दोन दिवस टेकतात आणि जातात. थंडीचे पाहुणे चार महिने मुक्काम करतात, त्यांना चुकवणं कठीण. वाटसरू मात्र, तुम्ही त्याच सकाळी तिथे नसाल तर, तुमच्यापुरता आलाच नाही.

त्यातला सर्वात फसवा म्हणजे युरोपीय नीळकंठ. दसऱ्याला नीळकंठ दिसणं शुभ, म्हणून बरीच मंडळी वर बघतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याचा हा परदेशी भाऊबंद वाटेवर असतो. आपल्या नीळकंठाची छाती तांबूस, रेघांची; उडताना पंखांवर गडद-फिकट निळे पट्टे. युरोपीय पक्ष्याचं डोकं, छाती, पोट सलग फिकट निळं आणि उडताना पंखांची टोकं व कडा काळ्या. कापणीला आलेल्या भातखाचराच्या कडेची तार ही दोघांचीही आवडती जागा. ‘नीळकंठ – १’ अशी टिपणी करून पुढे जाणाऱ्याच्या हातून कितीदा मोठी नोंद निसटली असेल! ठिपकेवाल्या माशीमाराचंही तेच. नेहमीच्या तपकिरी माशीमाराची छाती साधी. याच्या माथ्यावर-छातीवर बारीक रेघा. बघायचे कष्ट घेतले तरच फरक कळतो.

नोव्हेंबरात पाळी अमूर ससाण्याची. नागालँडमधल्या पांगती परिसरात २०१३ मध्ये उपग्रह-यंत्रं बसवलेले ‘नागा’, ‘वोखा’ आणि ‘पांगती’ हे ससाणे भारतीय द्वीपकल्प ओलांडून थेट अरबी समुद्रावर निघाले. लोणावळ्याच्या पठारांवर दरवर्षी ससाण्यांचे थवे दिसतात. समुद्रावर ते खातात काय? चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं, की भारतातून मालदीववरून आफ्रिकेकडे चतुरांचीही लाट त्याच वाऱ्यावर जाते, आणि पक्ष्यांना वाटेत शिदोरी मिळत असावी. म्हणून अंबरनाथच्या माळावर चतुरांचे ढग दिसले की मान वर करावी.

एकटा माणूस हे सगळं सांभाळू शकत नाही. शनिवारी रात्री मोबाइलवर ‘उद्या कुठे?’ विचारून सगळे एकाच पाणवठ्यावर गोळा होतात, हा आपला शिरस्ता. दहा कॅमेरे एका खंड्यावर आणि उरलेला तालुका मोकळा. त्याऐवजी वाटण्या कराव्यात: काकोळे एकाकडे, चिखलोली दुसऱ्याकडे, आनंदनगर एमआयडीसीची रानवट कड तिसऱ्याकडे, कोंडेश्वरची वाट चौथ्याकडे. घटस्थापनेपासून पक्षी सप्ताहापर्यंत जागा बदलायची नाही. मारुती चितमपल्लींचा ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर या दोन जन्मदिवसांमधला हा आठवडा राज्य सरकार साजरा करतं. तोवर आपली वही भरलेली हवी. ‘ऑक्टोबर बिग डे’ या जागतिक पक्षीनोंदणीच्या दिवशीही त्याच जागी उभं राहावं.

वहीत कावळा, साळुंकी, कोतवाल सगळे यावेत. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना ओळखू आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का, हा प्रश्न येतो. उत्तर ‘हो’ असलं तरच एखादा पक्षी ‘नव्हता’ हे पुढच्याला कळतं. ज्या सकाळी काही विशेष मिळालं नाही ती यादीही टाकायची; आपल्याकडे लोक नेमकी तीच गाळतात. आणि अनोळखी काही दिसलं तर पुस्तक उघडण्याआधी जागेवर वर्णन लिहायचं. पुस्तक बघितलं की डोळ्याला हवं ते दिसू लागतं.

ठाकूर आणि कातकरी पाड्यांवरच्या माणसांना विचारल्याशिवाय ही मोहीम अपुरी. त्यांना पक्ष्यांची आपल्यापेक्षा जास्त नावं येतात, आणि रानात ती रोज जातात. फक्त फोटो दाखवून ‘हाच का?’ विचारू नये. पाहुण्याचं मन राखायला माणूस हो म्हणतो. ‘कसा ओरडतो?’ विचारावं.

सापडलंच काही, तर जागा जाहीर करण्याआधी दोघातिघांनी खात्री करावी. घरटं किंवा घुबडाची ढोली असेल तर पत्ता वन विभागाखेरीज कुणालाही नको. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला उघड्यावर आणणाऱ्याला पुढच्या खेपेला बोलावू नये, मग त्याची लेन्स कितीही लांब असो.

एक अडचण मात्र राहते. अंबरनाथमधली दाट झाडी बरीचशी आयुध निर्माणीच्या कुंपणाआड आहे, आणि तिथे दुर्बीण रोखणाऱ्याची चौकशी व्हायला वेळ लागत नाही. तिच्या भिंतीलगतच्या रस्त्याने सकाळी साडेसहाला दुर्बीण पिशवीत ठेवून चालावं. ऐकू आलेला पक्षीही यादीत धरतात.