वस्तऱ्याची परीक्षा
(गावगाड्यातील हत्यारे : लेखांक सातवा)

गेल्या आठवड्याच्या लेखात निसण्यावर वस्तरा पाजळण्याची रीत आपण पाहिली. परंतु पाजळलेले पाते खरोखर तीक्ष्ण झाले किंवा नाही याची खातरजमा, त्याच्या धारेला यत्किंचितही इजा न पोहोचवता, कशी करावी, हा प्रश्न त्याहून नाजूक असून त्याच्या उत्तराचा आरंभ मला वरवट बकाल येथे सापडला. शेगावहून सातपुड्याच्या रोखाने उत्तरेस जाताना लागणाऱ्या या गावी, बलुत्याचे धान्य खळ्यावरून वसूल करण्याचा दस्तूर ज्यांनी स्वतः अनुभवला होता असे एक वृद्ध वारीक (वऱ्हाडात न्हाव्यास या नावाने संबोधतात) ओट्यावर धोकटी सोडून बसत, आणि त्यांच्या उघड्या वस्तऱ्यावर अंगठ्याचे नख फिरवून पाहण्यास मी बालसुलभ कुतूहलाने हात पुढे केला, तेव्हा माझे मनगट धरून ‘नख लावू नोको, बापू, नखानं धार जाते,’ एवढेच ते म्हणाले होते.

या निषेधामागील कारण मला पुष्कळ वर्षांनी उमगले. उत्तम वस्तऱ्याच्या धारेची टोकाशी असणारी जाडी सुमारे अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा हिस्सा, किंवा त्याहूनही कमी असते, आणि मनुष्याचा केस सामान्यतः सत्तर मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे तिच्या शंभरपटीहून अधिक जाड असतो. केस आणि नख ही दोन्ही केराटिन या एकाच द्रव्याची असली, तरी केस धारेखाली लवतो व तुटून बाजूस होतो, तर नख बोटाच्या आधारावर अचल राहून धारेलाच लवण्यास भाग पाडते. केसदेखील सर्वथा निरुपद्रवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविज्ञान संस्थेत जेम तसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली दाखवून दिले की, पोलादाहून सुमारे पन्नासपट मऊ असलेला केस वाकून धारेस तिरका भिडला आणि नेमक्या त्याच जागी पोलादाची घडण विषम असली, तर धारेचा सूक्ष्म कपचा उडतो. एका केसाची जर ही कथा, तर नखाची काय सांगावी! निसण्यावरील पहिल्या खरबरीत घासणीच्या वेळी कोठे दाता राहिला आहे काय, हे चाचपण्यापुरते नख क्षम्य मानता येईल. चामड्याच्या पट्ट्यावर ओढून सिद्ध झालेल्या धारेस ते वर्ज्य.

सर्वांत निर्धोक साक्ष डोळ्यांची. दिव्याच्या किंवा दाराच्या उजेडात धार वर करून पाते सावकाश कलते केले असता, बोथट धारेच्या माथ्यावरील सपाटीवरून प्रकाश परावर्तित होऊन पांढरी रेघ चमकते; तीक्ष्ण धारेस परावर्तनापुरती रुंदीच नसल्यामुळे तेथे डोळ्यास काहीही दिसत नाही, आणि एखादाच ठिपका लकाकला तर दोष तेवढ्याच जागी आहे असे समजावे. आमचे वारीक वस्तरा उघडताच प्रथम असेच पाहत.

त्यानंतर केसाची पाळी. धुऊन कोरडा केलेला एक लांब केस चिमटीत धरून त्याचे मोकळे टोक धारेवर अलगद टेकवावे. धार उत्तम असेल तर तो ओढ न लावता तुटतो. मात्र केसावरील खवल्यांची टोके शेंड्याकडे वळलेली असल्यामुळे, शेंडा चिमटीत धरून मुळाकडील भाग मोकळा सोडल्यास ते खवले धारेत अडकतात व केस अधिक सहज तुटतो, हा भेद ज्यास ठाऊक नाही त्याचा निकाल दर वेळी बदलत राहील. केसही एकाच माणसाचा घ्यावा, कारण राठ केस आणि मऊ केस यांची साक्ष सारखी येत नाही.

हातावरील लव कातडीस न स्पर्शता कापून पाहण्याची रीत लोकप्रिय आहे, पण माझ्या मते ती फसवी. पाजळताना धारेवर पोलादाची एक पातळ, लवचीक किनार कधी कधी उभी राहते. ती लव झरझर कापते, पण दाढीच्या राठ केसांत मोडून पडते आणि गाल ओरबाडते. म्हणून अखेरचा फैसला साबणाने भिजवलेल्या गालाकडेच सोपवावा लागतो.

ओलसर अंगठ्याचा मांसल भाग धारेस हलकेच टेकवून तिची पकड अजमावणारे कसबी लोक आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातील या खारपाणपट्ट्यात मात्र मी ती सवय लावून घेण्याचा सल्ला देणार नाही. घाम आणि येथील खारे पाणी या दोहोंतील क्षार साध्या पोलादावर जंग चढवतात, आणि तो प्रथम धारेच्या त्या अतिसूक्ष्म टोकालाच खातो, जेथे डोळ्यास डाग दिसण्यापूर्वीच तीक्ष्णता नष्ट झालेली असते. आजच्या दुकानांत दर गिऱ्हाईकास नवे अर्धे पाते बसवतात, म्हणून ही चिंता तेथे उरलेली नाही. आमचे वारीक मात्र प्रत्येक दाढीनंतर सुती फडके पाठीकडून धारेकडे नेत, धारेच्या लांबीवरून ते कधीही फिरवीत नसत, आणि तेलाचा पुसट हात दिल्यावाचून वस्तरा मिटत नसत.