एका जनुकाचा पाठपुरावा

शास्त्रज्ञाची योग्यता शोधनिबंधांच्या संख्येवरून जोखण्याची सवय आपल्या विद्यापीठांना चांगलीच जडली आहे. मेंदूविज्ञान संशोधिका डॉ. शुभा टोळे यांची निबंधसूची मात्र मोजण्यापेक्षा क्रमाने वाचण्याजोगी आहे.

भ्रूणाच्या मेंदूत, स्मृतीशी निगडित 'हिप्पोकॅम्पस' जेथे आकार घेतो त्याच्या लगत पेशींची एक अरुंद किनार असते. शिकागो येथे असताना टोळे व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये 'डेव्हलपमेंट' या नियतकालिकात तिची ओळख पटवली. १९९९ मध्ये त्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या. किनारीचे कार्य उलगडायला पुढे दहा वर्षे लागली. उंदराच्या भ्रूणात 'एलएचएक्स-२' जनुकाविना वाढलेल्या पेशी किनारीच्याच पेशी झाल्या आणि त्यांनी शेजारच्या सामान्य पेशींना हिप्पोकॅम्पस घडवण्यास भाग पाडले. एकाच मेंदूत अनेक हिप्पोकॅम्पस! कॅलिफोर्नियातील सहकाऱ्यांसमवेतचा हा निबंध २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. मग २०१० मध्ये भटनागर आणि २०१४ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

जनुक मात्र त्यांनी सोडले नाही. हिप्पोकॅम्पसमधील मूळ पेशीने चेतापेशी व्हावे की तिला आधार देणारी तारकापेशी, हेही तेच ठरवते, असे २०११ च्या निबंधात दिसून आले.