‘रजोनिवृत्ती’ : एका संज्ञेचा फेरविचार

ऋतुप्राप्तीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. ‘न्हाण येणे’ या एका प्रयोगाभोवती मखर, ओटी, गाणी असा केवढा संभार उभा राहिला होता! ऋतू संपण्याची बोळवण मात्र ‘पाळी गेली’ या दोन शब्दांत झाली. ‘रजोनिवृत्ती’ ही ग्रंथस्थ संज्ञा होय. सुश्रुतसंहितेने रजःकालाची मर्यादा बारा ते पन्नास वर्षे सांगितली आहे. आज भारतीय स्त्रियांत पाळी जाण्याचे वय सरासरी 46–47 च्या आसपास आढळते.

या संज्ञेतील ‘निवृत्ती’ हे पद दिशाभूल करणारे आहे, असे मला वाटते. सलग 12 महिने पाळी न आल्यास ती गेली असे वैद्यक मानते. तत्पूर्वीच्या काही वर्षांत इस्ट्रोजेन एकसारखे उतरत नाही, ते हेलकावे खाते. बीजकोश दाद देईनासे झाले की पीयूषिका ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक अधिकाधिक सोडू लागते. पुढे बीजकोशांतील इस्ट्रोजेनची निर्मिती जवळजवळ थांबते, तरी शरीरातून ते नाहीसे होत नाही. मुख्यतः अधिवृक्क ग्रंथींकडून येणाऱ्या अँड्रोजेनचे मेदपेशींत इस्ट्रोनमध्ये रूपांतर होत राहते. अर्थात ही निवृत्ती नव्हे, स्थलांतर आहे.

शारीरिक श्रमाचा संबंध नेमका येथे येतो. व्यायामाने बीजकोश पुन्हा जागे होत नाहीत. परंतु मेद घटला की इस्ट्रोजेनचे हे नवे उगमस्थान आक्रसते. सिएटल येथील संशोधकांनी स्थूल व बैठ्या जीवनाच्या, पाळी गेलेल्या 173 स्त्रियांवर केलेला वर्षभराचा प्रयोग 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षाअखेरची घट ज्यांची चरबी उतरली त्यांच्यातच स्पष्ट दिसली. या वयात इस्ट्रोजेन अधिक असणे स्तनाच्या कर्करोगाच्या वाढत्या संभवाशी निगडित असल्याने ही घट इष्टच म्हणावयाची. हाडांची गोष्ट वेगळी. त्यांचा इस्ट्रोजेनचा आधार सुटलेला असतो. चालणे, चढणे, भार उचलणे यांनी त्यांची झीज मंदावते, ती संप्रेरकांमुळे नव्हे, तर हाडांवर प्रत्यक्ष पडणाऱ्या ताणामुळे. अंगातून वाफा निघण्यावर मात्र व्यायामाचा गुण निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

जबलपूरच्या मराठी घरांत हा विषय काढला की ‘घरचं काम काय कमी आहे?’ असा प्रतिप्रश्न येतो. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. हेमा राइरकर आणि गी प्वातवँ यांनी पुढाकार घेऊन जमविलेल्या लाखावर ओव्या ज्या जात्यावर गाइल्या गेल्या, ते ओढताना खांदा, पाठ, मनगट सारेच राबत असे. दळण गिरणीत गेले, त्याबरोबर तो भार गेला. कामाचे तास मात्र बाईकडेच राहिले. ओट्यापाशी दिवसभर उभे राहण्याने थकवा येतो, पण जात्याइतका ताण हाडांवर पडत नाही. याच शहरातील अमृतलाल वेगड 1977 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, नर्मदाकाठाने पायी निघाले. त्या वयाच्या बाईने ‘मी रोज ग्वारीघाटापर्यंत चालून येते’ म्हटले, तर स्वयंपाक कोण करील, हा प्रश्न अजूनही आधी विचारला जातो.