मुठीएवढ्या स्नायूची ताकद

गर्भाशय जेमतेम मुठीएवढं, पण त्याची भिंत जवळजवळ सगळी स्नायूची. नऊ महिन्यांचं बाळ बाहेर ढकलतो तो हाच स्नायू. पाळीतही तो आवळतो, सैल पडतो, पुन्हा आवळतो. ओटीपोटात थांबून थांबून येणारी कळ ती हीच.

गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरतं. गर्भाशयाचं आतलं अस्तर सुटू लागतं आणि त्याच्या पेशी प्रोस्टाग्लॅंडिन नावाची रसायनं सोडतात. ती रक्तवाहिन्या आवळतात, स्नायूला आकसायला लावतात, वर वेदना वाहणाऱ्या नसाही हुळहुळ्या करतात. हा आकस किती जोराचा असतो, ते संशोधकांनी गर्भाशयातला दाब मोजून पाहिलं आहे. फार दुखणाऱ्या बायकांमध्ये तो पाऱ्याच्या १५० मिलिमीटरच्याही वर जातो. दंडाला पट्टा गुंडाळून डॉक्टर रक्तदाब घेतात, त्यातला वरचा आकडा साधारण १२० असतो. म्हणजे हा स्नायू स्वतःलाच रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या काही क्षण दाबून धरतो! प्राणवायू तुटतो आणि काम तर चालूच. हृदयाला रक्त कमी पडलं की छातीत कळ येते, तीही याच प्रकारची. आणि तरी ‘एवढंसं काय दुखतं’ म्हणणारे घरोघरी आहेत.

हीच रसायनं आतड्यांवरही काम करतात, म्हणून पहिल्या दिवशी मळमळतं, पोट बिघडतं. कंबर आणि मांड्या भरून येतात, कारण गर्भाशयाच्या आणि त्या भागांच्या संवेदना मज्जारज्जूत जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचतात.

या रसायनांचा शोधही विलक्षण आहे. १९३०च्या दशकात स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांना ती सापडली पुरुषाच्या वीर्यात. १९५७ साली व्ही. आर. पिकल्स यांनी पाळीच्या स्रावातच स्नायू आकसवणारा पदार्थ असल्याचं दाखवलं. पुढे ती प्रोस्टाग्लॅंडिनंच निघाली. ॲस्पिरिनसारखी औषधं त्यांची निर्मितीच रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१मध्ये दाखवलं आणि १९८२च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेन दुखायला लागताच घेतलेलं बरं, ते यामुळेच. औषध नवी रसायनं बनू देत नाही. आधीच बनलेली काही पुसून टाकत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने शेकल्यावरही खरोखर आराम पडतो. अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

मात्र दुखणं वर्षागणिक वाढत असेल, पाळी नसतानाही राहत असेल किंवा गोळीला दाद देत नसेल, तर अंगावर काढू नका. एंडोमेट्रिओसिससारखा आजार असू शकतो. लग्नाची किंवा बाळंतपणाची वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.